‘बाई, माझं नाव कुठंय?’ : शाळेच्या नाटकात पात्रवाटप कसं करावं

ऑगस्ट संपत आला की शिक्षकखोलीत विषय निघतो, यंदा गॅदरिंगचं नाटक कोण बसवणार? जुनी मंडळी चहाच्या कपात बघत बसतात आणि नव्यानं रुजू झालेल्या कुणाच्या तरी गळ्यात ते पडतं. तुमच्या गळ्यात पडलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी. नाटक बसवायचं कसं हे सांगणारे पुष्कळ भेटतील. पात्रं कशी वाटायची हे मात्र कुणी सांगत नाही, आणि रुसवेफुगवे सगळे तिथूनच सुरू होतात.

मी तालुक्याच्या गावात सोळा-सतरा वर्षं नाटकं बसवतेय. दुसऱ्याच वर्षी केलेली एक चूक अजून डोक्यातून जात नाही. त्या वर्षी मी चाचणी वगैरे घेतलीच नव्हती. आदल्या वर्षी ज्यानं राजा केला होता त्यालाच सावकार देऊन टाकला. त्याचं पाठांतर चोख होतं आणि मला घाई होती. तालमी हॉलमध्ये चालायच्या. खिडकीच्या गजांना धरून सहावीतला एक मुलगा रोज उभा असायचा. मी त्याला दोनदा हाकललाही. प्रयोगाच्या आदल्या दिवशी सावकार तापानं फणफणला. आम्ही डोक्याला हात लावून बसलो होतो, तर खिडकीतून आवाज आला, ‘बाई, मला येतंय.’ त्याला सावकार येत होता, सावकाराची बायको येत होती, पोस्टमन येत होता. अख्खं नाटक तोंडपाठ. दुसऱ्या दिवशी सावकार गोळी घेऊन उभा राहिला, प्रयोग पार पडला, टाळ्या झाल्या, आणि खिडकीतल्या मुलाचं काय हे मी विसरूनही गेले. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत नव्हता. दाखला काढून नेला होता. त्याला मी नाकारलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी त्याला विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून माझी कसोटी साधी आहे. ज्याला भूमिका मिळाली नाही त्यालाही घरी जाऊन सांगता आलं पाहिजे की मला विचारलं, माझं नीट ऐकून घेतलं आणि अमुक कारणानं दुसऱ्याला दिलं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

पहिली पायरी : संहिता वाचायच्या आधी मोजा

कोरा कागद घ्या. डावीकडे पात्रांची नावं, समोर प्रत्येकाचे संवाद किती तो आकडा. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि डोळे उघडणारं आहे. एकदा माझ्याकडे आलेल्या संहितेत ११ पात्रं होती आणि २१४ संवादांपैकी १३० एकट्या आजोबांचे. नाटक गोड होतं, पण ४२ मुलांच्या वर्गाला ते परवडणारं नव्हतं. असं नाटक घेतलं की तुम्ही कितीही सरळ वागा, एक मूल नाटक करतं आणि बाकीची त्याला ‘हो आजोबा’ म्हणत उभी राहतात.

मग मोडतोड करावी लागते. संहिता लेखकाची असेल तर आधी त्यांची परवानगी घ्या, प्रयोगासाठीही आणि बदलांसाठीही. शाळेतल्याच कुणी लिहिली असेल तर चहा पाजून काम होतं. एका सूत्रधाराचे तीन करता येतात. आजोबांच्या घरात आजी राहू शकते, आणि १३० संवादांतले ५० तिला सहज जातात. गर्दीला काम देणारे प्रकार तर आपल्याकडे मुळातच आहेत. पोवाड्यात शाहिराच्या मागे त्याची ओळ उचलून धरणारे झीलकरी हवे तेवढे उभे करा. दिंडीत कितीही वारकरी मावतात. भारुडात सगळा वर्ग टाळ धरू शकतो. फक्त त्या गर्दीलाही काहीतरी करायला हवं. पुठ्ठ्याचा बुंधा गळ्यात अडकवून चाळीस मिनिटं झाड म्हणून उभं केलेल्या मुलाला घरी ‘तू काय केलंस?’ असं विचारतात तेव्हा तो काय सांगणार? त्या झाडाला निदान चोराला वाट तरी दाखवू द्या.

पडद्यामागची कामंही याच कागदावर लिहा : प्रॉम्प्टर, पडदा ओढणारे, पार्श्वसंगीत, विंगेत सामान लावणारे, रंगभूषेला मदत. ही कामं ‘उरलेल्यांना’ म्हणून वाटली की मुलांना ते लगेच कळतं. आमच्या शाळेत तर प्रॉम्प्टर व्हायला मारामारी असते, कारण त्याला पुस्तक धरून विंगेत बसायला मिळतं आणि सगळ्यांची भंबेरी जवळून बघता येते.

दुसरी पायरी : सूचना सगळ्यांना आणि एकाच दिवशी

परिपाठाच्या वेळी सांगा, फलकावर लावा, प्रत्येक वर्गात एकदा जाऊन सांगा. वर्गशिक्षकांना ‘तुमच्या वर्गातली पाच चांगली मुलं पाठवा’ असं चुकूनही म्हणू नका. ते बिचारे जी पाच नावं देतील तीच पाच मुलं १५ ऑगस्टला भाषण करतात, पाहुण्यांना गुच्छ देतात, वक्तृत्व स्पर्धेला जातात आणि वर्गाची मॉनिटरही असतात. त्यांचा दोष नाही. पण अशा वेळी निवड तुम्ही करण्याआधीच झालेली असते.

सूचनेत चाचणीची तारीख हवी, तालमी कोणत्या दिवशी आणि किती वाजता हे हवं, आणि कपड्यांचा खर्च कोण करणार हे हवं. शेवटची गोष्ट लोक विसरतात. ड्रेपरीवाल्याकडून राजाचा पोशाख भाड्यानं आणायचा आणि पैसे पालकांकडून घ्यायचे असा रिवाज असेल, तर ज्याच्या घरी तेवढे पैसे नाहीत तो मुलगा राजाचं नावच काढत नाही. ‘कपड्यांचा खर्च शाळा करेल’ हे वाक्य फलकावर लिहिण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून होकार घेऊन ठेवा. होकार मिळाला नाही तर घरातल्या साड्या-धोतरांत होईल असं नाटक निवडा.

वेळेचं दुखणं आमच्या भागात मोठं आहे. वाडी-वस्तीवरची मुलं पाच-दहाच्या एसटीनं जातात. तालीम पाचला लावली की ती सगळी मुलं बाद, एकही शब्द न बोलता. मी भांडून शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतरचा दीड तास आणि आठवड्यातले दोन ऑफ तास मिळवले. तुमच्याकडे वेळापत्रक वेगळं असेल, पण कोण कसं घरी जातं हे आधी विचारा आणि मग तालमीची वेळ ठरवा.

आणखी एक हिशेब. दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं आईबापांबरोबर कारखान्याकडे निघतात. गॅदरिंग डिसेंबरात. ‘हा मधेच जाणार’ म्हणून त्यांना चाचणीलाच उभं न करणं सोपं असतं. मी काही वर्षं तसं केलंही. आता मी घरी विचारते. कधी मूल आजीजवळ राहणार असतं, कधी हंगामी वसतिगृहात. जाणारच असेल, तर दिवाळीआधी शाळेतच छोटं नाट्यवाचन ठेवून त्यात भूमिका देते. गॅदरिंगच्या झगमगाटाची भरपाई त्यानं होत नाही, हे मला माहीत आहे.

नावं पाठकोऱ्या कागदावर घ्या. छापील अर्ज दिसला की मुलं बिचकतात. नाव, इयत्ता, कोणती भूमिका आवडेल, कोणती नको, रंगमंचावर की पडद्यामागे, आणि घरी कसा जातोस किंवा जातेस. ‘नको’चा रकाना गाळू नका. त्याचं कारण पुढे येईल.

तिसरी पायरी : ऐकायचं कसं

उतारे दोन दिवस आधी द्या. वाचायला अडखळणाऱ्या मुलांना उतारा तोंडी सांगा. आपण अभिनय बघतोय, वाचनाची परीक्षा घेत नाही. एका भूमिकेसाठी सगळ्यांना एकच उतारा, साधारण सारखाच वेळ. एका मुलाला तीन मिनिटं पुरतात. खोलीत दोन शिक्षक हवेतच, दार उघडं, आणि मुलं चार-चारच्या गटानं आत. सगळ्या वर्गासमोर चाचणी घेतली की पहिल्या अडखळीला खसखस पिकते आणि पुढचं मूल दारातूनच परत जातं. बंद खोलीत एका शिक्षकासमोर एकटं मूल, हेही नको. ते तुमच्यासाठीही बरं नाही.

सुरुवातीला दहा मिनिटं नुसता खेळ घ्या. डोक्यावर पाण्यानं भरलेली घागर आहे असं समजून चाला. बाजारात हरवलेला भाऊ शोधा. त्यात लाजरी मुलं मोकळी होतात, आणि नेहमीची भाषणवाली मुलं हात वर करून-करून एकच हातवारा कशी करतात तेही दिसतं.

मधेच ‘बस, कळलं’ म्हणून थांबवू नका. नक्कल करून दाखवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. चार जणांदेखत एखाद्याच्या आवाजाची टर उडवताना ते कुणाच्या लक्षात नसतं.

आता खरी गंमत. मुलानं संवाद म्हटला की त्याला एक सूचना द्या आणि तोच संवाद पुन्हा म्हणायला सांगा. सातवीतली एक मुलगी पोस्टमनच्या उताऱ्याला आली होती. वाक्य एवढंच : ‘आक्का, तार आलीय.’ पहिल्यांदा तिनं ते शाळेच्या घंटेसारखं खणखणीत म्हटलं. मी म्हटलं, ‘तारेत वाईट बातमी आहे, आणि ती तुला आधीच माहीत आहे.’ ती दोन पावलं मागे गेली. पिशवीत हात घातला, काढला, परत घातला. ‘आक्का,’ म्हणाली आणि थांबली. मग खाली बघून, जवळजवळ स्वतःशीच, ‘तार आलीय.’ माझ्या शेजारी बसलेल्या सरांचं पेन थांबलं. त्या मुलीचं नाव कुठल्याही वर्गशिक्षकाच्या पाचात कधी आलं नसतं.

चौथी पायरी : गुण कशाला द्यायचे

मी पाच रकाने करते आणि प्रत्येकाला पाचपैकी गुण देते. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो का. समोरचा बोलत असताना हे मूल ऐकतं का, की आपली पाळी कधी येते याची वाट बघत नुसतं उभं असतं. सूचना दिल्यावर काही बदलतं का. अंग मोकळं आहे का. उतारा बघून आलंय का. दोन शिक्षकांनी गुण वेगवेगळे लिहायचे, एकमेकांच्या कागदात डोकावायचं नाही, आणि शेवटी जुळवायचे. एखाद्या रकान्यात दोनपेक्षा जास्त फरक पडला तर त्या मुलाला पुन्हा ऐकायचं. बरोबरी झाली तर ज्याला आतापर्यंत मोठी भूमिका मिळाली नाही त्याला द्यायची. हा नियम चाचणीआधीच फलकावर लिहून ठेवलेला हवा; नंतर सांगितला की पळवाट वाटतो. पाचांत सूचना घेणं मी सगळ्यांत महत्त्वाचं धरते आणि त्याचे गुण दुप्पट करते. पाठांतर मी मोजतच नाही. दोन महिन्यांत पाठ सगळ्यांचंच होतं.

उच्चारांना गुण नाहीत. यावर माझं जुन्या सहकाऱ्यांशी वाजतं, आणि वाजू दे. ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘शाळा’ला ‘साळा’ म्हणणारी मुलं आपल्या नाटकांत कायम गडी, चोर आणि भाजीवाले होतात. न्यायाधीश, डॉक्टर, राजकन्या हे सगळे जणू एकाच पेठेत वाढलेले. मी उलट करते. भूमिका आधी ठरवते, आणि मग ते पात्र कुठलं हे मुलाच्या बोलीवरून ठरवते. आमचा एक न्यायाधीश अस्सल वऱ्हाडीत निकाल देत होता, आणि त्या निकालाला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाला पडल्या नाहीत. एखाद्या पात्राला प्रमाण भाषा हवीच असेल तर ती तालमीत शिकवता येते. ऐकणं मात्र तितकं झटकन शिकवता येत नाही.

पाचवी पायरी : दिसण्यावरून, आडनावावरून

इथं जरा थांबते, कारण सगळ्यांत जास्त अन्याय इथंच होतो आणि तो करताना आपल्याला कळतही नाही.

परी गोरी, चेटकीण सावळी. राजा उंच, विदूषक बुटका. जाड मुलाला खादाड मामा. शिवकालीन प्रसंग असला की अफझलखानासाठी सगळ्यांची बोटं वर्गातल्या एखाद्या मुसलमान मुलाकडे वळतात आणि ‘अरे, नाटकच आहे’ म्हणून हसून सोडून दिलं जातं. त्या मुलाला पुढं वर्षभर मधल्या सुट्टीत कोणत्या नावानं हाक मारली जाते ते कान देऊन ऐका. मावळ्यांच्या रांगेतही आणि महाराजांच्या जागीही त्याला चाचणी देता आली पाहिजे, आणि खान करायचा असेल तर तो त्यानं स्वतः मागितलेला हवा. सावळ्या मुलीला परी द्या असा आग्रह मी धरत नाही. परीसाठी तिचे गुण जास्त असतील तर ती परी, एवढंच. ‘मेकअप जरा उजळ करू’ हे वाक्य मात्र माझ्या रंगभूषेच्या खोलीत चालत नाही.

‘नको’च्या रकान्याचं आता सांगते. एका वर्षी संहितेत मोलकरणीची फर्मास भूमिका होती, सगळे विनोद तिचेच. आठवीतल्या एका मुलीला मी मनात तीच धरली होती. टायमिंग असं की काय सांगावं. तिच्या कागदावर ‘नको’पुढे एकच शब्द होता : मोलकरीण. मी कारण विचारलं नाही. तिची आई गावातल्या चार घरी धुणीभांडी करते हे मला नंतर, दुसऱ्याच कुठल्या तरी बोलण्यात कळलं. तो रकाना नसता तर मी तिला ती भूमिका दिली असती, ती नाही म्हणाली नसती, आणि प्रेक्षकांत तिची आई बसलेली असती.

मुलगा-मुलगी यावर फार अडून बसू नका. ज्या रंगभूमीवर बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) स्त्रीभूमिका बघायला लोक रांगा लावत होते आणि जिथं रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्त्या गलबत्त्या’मधली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली, तिथं सातवीतल्या मुलीनं सावकार केला तर काही बिघडत नाही. आमच्या सावकारानं दोनदा धोतर नेसलंय ते ट्रॅकपँटवर, पिन लावून. उलट बाजूनं जपा. मुलाला साडी नेसवून हशा मिळवण्याचा मोह होतो, आणि तो हशा प्रयोगानंतरही त्याच्या मागे लागतो. त्यानं स्वतः ती भूमिका मागितली असेल आणि भूमिका चेष्टेची नसेल, तरच.

अडखळत बोलणारं मूल चाचणीला आलं तर घड्याळ बाजूला ठेवा, त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, आणि गुण त्याच पाच रकान्यांत द्या. ‘नाटकानं अडखळणं जाईल’ असं कुणाला सांगू नका. चालायला त्रास असलेलं मूल असेल तर स्टेजच्या पायऱ्यांचा प्रश्न आधी सोडवा. आम्ही एकदा अख्खं नाटकच मैदानात, सतरंज्यांच्या पातळीवर केलं. मागच्यांना दिसत नव्हतं, ते बाकांवर उभे राहिले.

सहावी पायरी : ‘जरा बघा’

चाचणीच्या दोन दिवस आधी फोन येतो. कुणाचा ते विचारू नका. ‘बाई, आमची छोटी येणारे हो, जरा बघा.’ यात धमकी नसते, लाचही नसते, नुसता लाघवीपणा असतो, आणि तोच अवघड. मी म्हणते, ‘हो हो, तिला उतारा न्यायला सांगा. दोघे जण ऐकणार आहोत, गुण लिहून ठेवणार आहोत.’ गुणांच्या कागदाचा खरा उपयोग इथं होतो. तुम्हाला नाही म्हणावं लागत नाही, कागद म्हणतो. पडद्याचा किंवा ध्वनिक्षेपकाचा खर्च देणाऱ्यांची मुलं चाचणीला असतील तर मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा, की देणगीची पावती वेगळी आणि पात्रयादी वेगळी.

स्वतःचं मूल, भाचा, शिकवणीला येणारा विद्यार्थी चाचणीला असेल तर त्या भूमिकेपुरते तुम्ही खुर्चीवरून उठा. दुसऱ्या दोघांना ऐकू द्या. माझा मुलगा याच शाळेत होता. त्याला चार वर्षांत एकदाही मोठी भूमिका मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर त्यातली दोन वर्षं मी मुद्दाम हात आखडता घेतला होता, लोक बोलतील म्हणून. तोही अन्यायच होता. त्यानं तो मला पुढं कॉलेजात गेल्यावर बोलून दाखवला.

सातवी पायरी : यादी लावणं

मोठ्या भूमिकेची आस धरून बसलेली तीन-चार मुलं तुम्हाला चाचणीतच ओळखू येतात. यादी लावण्याआधी त्यांना एकेकटं, व्हरांड्यात पण जरा बाजूला घेऊन सांगा. नंतर यादी. यादीत नावं अकारविल्हे, भूमिकेच्या मानानं नाही, आणि पडद्यामागची नावं त्याच यादीत. लावायची दुपारच्या सुट्टीआधी. शाळा सुटताना लावली की एसटीच्या धावपळीत निम्म्यांना दिसत नाही आणि उरलेली रस्त्यानं रडत जातात. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी अजिबात नको. एका वर्षी माझ्याकडून यादीचा फोटो सकाळीच गेला आणि एका मुलाला ‘तुझं नाव नाहीये बरं का’ हे आईकडून डबा भरताना कळलं.

यादीखाली दोन ओळी लिहा : शंका असेल तर दोन दिवसांत येऊन विचारा; त्यानंतर यादी बदलणार नाही. गुण जोडताना चूक झाली असेल तर बदला, आणि उघड सांगून बदला. कुणी मोठ्या आवाजात बोललं म्हणून बदलू नका. एकदा बदललीत की पुढच्या वर्षी सगळेच मोठ्या आवाजात बोलतील.

न मिळालेल्या मुलाशी बोलताना गोलमाल नको. ‘तूही छान केलंस, पण…’ हे वाक्य मुलं पणच्या आधीच ऐकायचं सोडतात. ‘पुढच्या वर्षी तुलाच’ हे तर कधीच नको, कारण ते तुमच्या हातात नसतं. नेमकं सांगा : ‘तुझा आवाज मागपर्यंत गेला, पाचपैकी पाच. पण मी तार हळू द्यायला सांगितली तेव्हा तू परत तशीच दिलीस. तेवढं जमव.’ मूल रडलं तर रडू द्या. लगेच हातात पडद्याची दोरी देऊन गप्प करू नका.

पालकांशी बोलणं बहुधा असं होतं :

‘बाई, दोन वाक्यं? आणि त्यासाठी दोन महिने थांबायचं?’

‘वाक्यं दोन आहेत दादा, पण तो अकरा मिनिटं स्टेजवर आहे. संहिता बघा, हे त्याचं पान.’

‘पण त्या मुलापेक्षा आमचा बरा बोलतो.’

‘त्या मुलाचे गुण मी तुम्हाला दाखवू शकत नाही, आणि तुमच्या मुलाचे त्याच्या वडिलांना दाखवणार नाही. तुमच्या मुलाचा कागद हा. यातलं काय पटत नाही ते सांगा.’

आपल्याच मुलाचा कागद समोर आला की आवाज बहुतेक खाली येतो. नाही आला तर मुख्याध्यापकांसमोर बसा, पण मुलाला बाहेर पाठवून.

आठवी पायरी : बदली पात्र, आणि भूमिका काढून घेणं

डिसेंबर म्हणजे सर्दी, ताप आणि कांजिण्या. मोठ्या तीन-चार भूमिकांना बदली पात्र यादीतच नेमा. नुसतं नाव लिहून चालत नाही. आठवड्यातली एक तालीम बदली मुलांचीच हवी. प्रयोग एकच असेल तर रंगीत तालीम पाचवी-सहावीच्या वर्गांसमोर ठेवा आणि त्या दिवशी बदली मुलांना उभं करा. कपडे, रंग, घंटा, पडदा सगळ्यासह. त्यांचा प्रयोग तोच. त्यांच्या पालकांनाही बोलवा. मागच्या भिंतीला टेकून उभे राहतात बिचारे, पण येतात.

न सांगता तीन तालमींना गैरहजर, तर भूमिका जाईल, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. पण काढण्यापूर्वी का आला नाहीस हे विचारा. कापूस वेचायला घरी ठेवून घेतलेल्या मुलाला आळशी म्हणून काढून टाकणं मी पाहिलंय. चाचणी परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून भूमिका काढायला कुणी सांगितलं तर वाद घाला. नाटक हे बक्षीस नाही, ते वेळापत्रकातलंच काम आहे असं मी तरी मांडते. एकदा हरले, दोनदा जिंकले.

स्पर्धेचं थोडं वेगळं. राज्य बालनाट्य स्पर्धेसारख्या ठिकाणी अभिनयाचं रौप्यपदक एकेकट्या मुलाला मिळतं, तिथं नाटक जिंकायला उतरतं आणि निवड कडक होते. ते लपवू नका. ‘ही स्पर्धेची निवड आहे, दहाच जण जाणार’ असं आधी सांगा. गॅदरिंगला मात्र तोच संघ तसाच उचलून आणू नका. सलग दोन वर्षं एकाच मुलाला मोठी भूमिका नाही, हा आमच्या गॅदरिंगचा नियम आहे. त्या मुलांना मी सहायक दिग्दर्शक करते, आणि ती नव्या मुलांवर माझ्यापेक्षा जास्त ओरडतात.

वही

शेवटचं काम प्रयोगानंतर, पडदे घडी करून होईपर्यंत. दोनशे पानी वही घ्या. वर्ष, नाटक, आणि पुढं प्रत्येक मुलाचं नाव, त्यानं काय केलं, काय लक्षात आलं. तुमची बदली झाली तर ही वही पुढच्या शिक्षकाला द्या. मुलांच्या घरच्या गोष्टी मात्र तिच्यात लिहू नका. चाचणीचे गुण दोन-चार महिन्यांत फाडून टाकले तरी चालतील, वही ठेवा. पुढच्या ऑगस्टमध्ये चहाच्या कपात बघायची पाळी तुमची नसेल, तेव्हा पहिल्यांदा ती उघडायची.

माझ्या वहीतली गेल्या वर्षीची एक नोंद अशी आहे : ‘झीलकरी, सातवी ब. विंगेत उभा राहून शाहिराचे सगळे बोल ओठांतल्या ओठांत म्हणत होता. सप्टेंबरात उतारा स्वतः नेऊन देणे.’